वनिताचं टोपरं

काकीच्या होडीचे भाग आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर तयार झाले असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. हसू दे. माझ्या फायबरच्या शेडवर आजही नवीन गिऱ्हाईक येतं, पाण्याच्या टाक्या आणि मोरीच्या दारांमधून वाट काढत आत शिरतं आणि मलाच विचारतं, "मालक कुठे आहेत, मावशी?" मी हातातला ब्रश खाली ठेवत नाही. एकदा रेझिनमध्ये, म्हणजे फायबरच्या चिकट रसात, ते घट्ट करणारं औषध पडलं की ब्रश खाली ठेवता येत नाही, हे एक कारण. दुसरं कारण पुढे येईलच.

मुलुंडला पूर्वेकडे, जिथे वस्ती संपून मिठागरं सुरू व्हायची, तिथल्या बैठ्या चाळीत अक्काचं घर होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. एक खोली, आणि मागची पडवी झाकून केलेलं स्वयंपाकघर. तेवढ्यात अक्का, दाजी, दाजींची आई, अक्काची दोन लेकरं आणि दाराआड अंथरूण टाकणारी मी. दाजींच्या आईला सगळे आत्याबाई म्हणायचे, म्हणून मीही. मी परभणीकडची. आठवीनंतर माझी शाळा सुटली. सोडली असं मी कधी म्हणत नाही, सुटली म्हणते. अक्काला शिवणात मदत होईल म्हणून वडिलांनी, म्हणजे आबांनी, मला मुंबईला धाडलं आणि धाडतानाच दाजींना बजावलं, "हिच्या हाताला काही काम लागलं तर राहू द्या. न्हाई तर दिवाळी झाली की मी न्यायला येतो. एक स्थळ आलंय." ते स्थळ मी पाहिलं नव्हतं. पाहायचंही नव्हतं. पण 'दिवाळी' हा शब्द कुणी काढला की मी शिवणात डोकं खुपसायचे, आणि चाळीत तर गणपती उठल्यापासून सगळे दिवाळीचंच बोलत होते.

त्या घरात खायला मला कधी कमी पडलं नाही, हे आधी लिहून ठेवते. आत्याबाई तोंडाने फटकळ, पण भाकरी करताना पहिली गरम भाकरी माझ्याकडे सरकवायच्या आणि वर म्हणायच्या, "खा, खा. दिवाळीपर्यंत तरी खा." अक्काची शिलाई मशीन सकाळपासून चालायची. मी हुकं लावायचे, काजं करायचे, हाताने तुरपाई करायचे. मशीन थांबली की मिठागराकडचा वारा ऐकू यायचा. त्या वाऱ्याने ओठ खारट व्हायचे. आमच्याकडे नदीसुद्धा उन्हाळ्यात दिसत नाही, आणि इथे हवेलाही मीठ. पहिले काही दिवस मी झोपताना ओठांवरून जीभ फिरवायचे आणि मला घरची फार आठवण यायची. नंतर नंतर ते मीठ आवडायला लागलं.

दाजी फायबरच्या कारखान्यात होते. बसच्या सीटा, दुकानांच्या पाट्या, मोरीची दारं. ते घरी आले की त्यांच्याबरोबर एक उग्र, गोडसर वास यायचा, आणि त्यांच्या कपड्यांतून काचेचं बारीक कुसळ. ते कपडे वेगळे धुवायचे, वेगळ्या दोरीवर वाळत घालायचे. एकदा चुकून ते पिठाच्या डब्याजवळ झटकले गेले तेव्हा आत्याबाईंनी अख्खा डबा गाईला घातला. गाईच्या पोटात काचेचं काय झालं असेल, हा प्रश्न मला आज पडतो. तेव्हा पडला नाही. तेव्हा मला काम बघायचं होतं. रविवारी दाजी कारखान्यातला उरलासुरला माल मागून आणून घरीच काही ना काही करायचे, कुणाच्या टाकीचं झाकण, कुणाच्या खिडकीवरचं छप्पर. मी शेजारी बसून बघायचे. काचेच्या धाग्यांची मॅट कात्रीने कापायची नाही, हाताने फाडायची, म्हणजे कडा एकमेकींत मिसळतात. रेझिन वाटीत घ्यायचं, त्यात जांभळं औषध घालून ढवळायचं, मग पांढरं. जांभळं आणि पांढरं औषध एकमेकांना थेट भेटवायचं नाही, आग लागते. हवा गरम असेल तर पांढरं कमी घालायचं. कमी झालं तर पीस चिकट राहतो, जास्त झालं तर वाटीतूनच धूर निघतो. दाजींनी मला शिकवलं असं नाही. त्यांनी मला उठ म्हटलं नाही, एवढंच. पण तेवढंसुद्धा किती जण करतात? त्यांचे उपकार मी विसरलेले नाही.

होडी शेजारच्या काकीची होती. काकी मालवणकडची. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर त्याने एक जुनी लाकडी होडी घेतली, तिला मशीन बसवलं आणि खाडीत मासे मारायला लागला. गावी बापाबरोबर करायचा तेच. तो गेल्यावर होडी चाळीच्या पटांगणात टायरांवर आडवी पडली ती तिथेच. पोरं तिच्यात लपाछपी खेळायची, कोंबड्या अंडी घालायच्या. पुढचं टोक, ज्याला ते लोक नाळ म्हणतात, कुजून भुसा झालेलं. मशीनवरचा लाकडी पेटारा कुणीतरी शेकोटीत घातलेला. पण बाजूला पांढऱ्या रंगातलं नाव वाचता यायचं, वनिता. काकीच्या नवऱ्याचं आडनाव चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण वनिता कोण ते कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. काकी तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मीच. लग्नाआधी माझा ह्या नाव होता. लग्नात सासरच्यांनी बदलल्यानी. ह्येणी व्हडयेक दिल्यानी." नवऱ्याने ते जुनं नाव होडीला दिलं होतं. काकीने तांदळातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग म्हणाली, "आता त्या नावान माका हाक मारणारो कोण उरलो?"

चाळ कमिटीने ठरवलं की दिवाळीनंतर पटांगणात काँक्रीट घालायचं आणि स्कूटरी लावायच्या. होडी हलवा, नाहीतर आम्ही कापून काढतो. सेक्रेटरी स्वतः सांगायला आले. काकी म्हणाली, हलवतंय, पण भंगारात नाय, पाण्यात. सेक्रेटरी हसले. "काकी, नाक कुजलंय तिचं. पाण्यात टाकली तर बुडबुडे मोजत बसाल." काकीने त्यांच्या पाठीवर दार लावलं, सरळ आमच्याकडे आली आणि दाजींना म्हणाली, "तुमी ता फायबर का काय ता करतास मां? लाकडाचो सुतार आता माका गावना नाय. माझ्या व्हडयेक नाक करून देतास?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. का बघितलं ते मला आजही नक्की सांगता येत नाही. म्हणाले, "आठवडाभर मी कामावर असतो. रंजना हात मारेल तर करू." हात मारणं म्हणजे मॅटवर रेझिनचा ब्रश मारत थरावर थर चढवणं. आत्याबाई आतून म्हणाल्या, "पोरीच्या जातीनं हे वंगाळ काम करायचं? हाताची सालटी निघतील. बघायला आल्यावर काय दाखवायची, सालटी?" मी घाबरट. कुणी मोठ्याने बोललं की मी आत पळते. पण त्या दिवशी पळाले नाही. मी म्हटलं, "दाखवीन ना. सालटीच दाखवीन." अक्का मशीनवर वाकून हसली, तिचा दोरा तुटला.

पहिला झाला होडीच्या मशीनचा पेटारा. आमचा ओटा कडप्प्याचा, सपाट आणि गुळगुळीत. सपाट पीस करायला कारखान्यात काच लागते, आमच्याकडे कडप्पा होता. दुपारी जेवणं झाली की मी ओटा घासून कोरडा करायचे, त्यावर मेणाचं पॉलिश चढवायचे, आणि संध्याकाळच्या चहाच्या आत पीस उचलायचा. मॅटखालची हवा दाबून काढायला कारखान्यात लोखंडी रोलर असतो. मी अक्काच्या जुन्या लाटण्यावर सुतळी गुंडाळून तो केला. खाज सुटायची ती वेगळीच. खोबरेल लावलं तर वाढते, पावडर लावली तर जास्त वाढते. थंड पाणी ओतत राहायचं आणि खाजवायचं नाही, हाच उपाय. त्या दिवसांत आमच्या आमटीलाही रेझिनचा वास यायचा. दाजींचं पोरगं शाळेत जाऊन सांगून आलं की आमच्याकडे होडीची भाजी असते. काकी रोज भरपाई म्हणून काहीतरी पाठवायची, सोलकढी, कुर्ल्यांचं कालवण, तांदळाच्या पातळ भाकऱ्या. कुर्ली, म्हणजे खेकडा, कशी फोडायची ते मला येईना. काकी माझ्यासमोर बसून दाताने नांगी फोडून दाखवायची आणि म्हणायची, "तोंड वाकडा करू नको. ही पण तुझ्या फायबरासारखी बाहेरसून टणकच असता."

मग नाळेचं काम. दाजींनी एका रविवारी कुजलेला भुसा खरवडून, भेगा बुजवून होडीच्या टोकावरून प्लास्टरचा साचा घेतला आणि त्यातून हुबेहूब दुसरं टोक ओतून आमच्या ओट्यावर आणून ठेवलं. ते पांढरंशुभ्र नाक तिथे डब्यांच्या मध्ये बरेच दिवस बसून होतं. लेकरांनी त्याला डोळे काढले. आत्याबाई त्याला "ए भल्या, सरक" म्हणत पोळपाट टेकवायच्या. मी त्यावर थर चढवले, वाळल्यावर घासलं, परत चढवले. साच्यावरून सुटलेलं ते कवच हातात घेऊन काकीने फिरवून बघितलं आणि म्हणाली, "ह्या तर बाळाचा टोपरा." तेव्हापासून तेच नाव. होडीवर नेऊन बसवलं तर असं बसलं की बोटाचं नखही आत जाईना. दाजी सहसा बोलत नाहीत. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "झकास." त्या एका शब्दावर मी कितीतरी दिवस जगले असते. मग घासून रंग द्यायला ते टोपरं घरी आणलं.

आता आमची चूक. ती दाजींची, काकीची की माझी, हे आम्ही अजून ठरवलेलं नाही. दाजी आणि मी कोरड्या मुलखातले. आमच्या लेखी वस्तू केली की झाली. फायबरचा पीस उन्हात ठेवा, पाण्यात ठेवा, तो आहे तेवढाच राहतो. काकीला वाटत होतं की जगात सगळ्यांनाच माहीत असतं, वर्षानुवर्षं सुकलेली लाकडी होडी तशीच पाण्यात उतरवत नाहीत. आधी तिला पाणी पाजतात. म्हणजे तिच्यात पाणी भरून ठेवायचं, बाहेरून ओली गोणपाटं घालायची, फळ्या फुगतात, फटी मिटतात. काकीने दुपारी नळाला पाणी आलं की कळशीने भरायला सुरुवात केली. आम्ही रोज बघत होतो. मीसुद्धा काही कळश्या ओतल्या. मला वाटलं, धुते आहे. मी तर म्हटलंही, "काकी, केवढी धुणार?" तिला वाटलं मी गंमत करते आहे.

रंगवलेलं टोपरं बसवायला नेलं तेव्हा दाजींना सुट्टी होती, सेक्रेटरी आणि आणखी चारजण उभे होते. टोपरं नाळेवर चढेना. दोन बोटं वरच उभं राहिलं. दाजींनी ठोकलं, कडेला तडा गेला. फुगलेली नाळ दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली, आणि आमचं टोपरं कालच्या, सुकलेल्या होडीचं. सेक्रेटरी म्हणाले, "बाळ वाढलं वाटतं." लोक हसले. दाजींनी काकीकडे बघितलं, "पाणी कामून भरलं? सांगायचं तरी." काकी म्हणाली, "लाकडाक तान लागता, ह्या काय सांगूचा लागता? तुमी सुकलेल्याचा माप घेतलास ता तुमी माका सांगलास?" दोघंही खरं बोलत होते. दाजी टोपरं उचलून घरी आले आणि कोपऱ्यात ठेवलं. म्हणाले, "संपलं. परत साचा, परत सगळं, तेवढा वेळ नाही. आणि होडी सुकली की पुन्हा सैल होणार. फायबर आणि लाकूड जमत नाही." आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि टोपऱ्यावर एक जुनं फडकं टाकलं. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी आबांचा निरोप आला की दिवाळी झाली की लगेच निघतो.

दिवाळीत अक्काकडे ब्लाऊजची झुंबड. एक बाळंतीण तिचा जुना ब्लाऊज घेऊन आली, आता अंगात जात नाही म्हणून. अक्काने तो उलटा केला, आतली शिवण उसवली, माया, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, सोडलेली होती ती बाहेर काढली आणि पुन्हा टीप मारली. बोलता बोलता, जिऱ्याची फोडणी द्यावी तितक्या सहज. मी हुकं लावत होते. माझ्या हातातली सुई थांबली. मी म्हटलं, "अक्का, ही परत बारीक झाली तर?" अक्का म्हणाली, "तर परत आत घेईन. म्हणून तर माया ठेवायची. बाई काय एकाच मापाची राहते का?"

रात्री दाजी जेवायला बसले तेव्हा मी सांगितलं. टोपरं एकसंध नको. दोन पाखी करू, छपराच्या असतात तशा. उजवी पाख नाळेवरून चार बोटं डावीकडे जाईल, डावी पाख तिच्यावर चढेल. मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी. बोल्टला गोल भोकं नकोत, लांबट पाडू, म्हणजे होडी फुगली तर पाखी सरकतील, सुकली तर परत जवळ येतील. दाजी म्हणाले, "फायबरला माया नसते, रंजना. पीस म्हणजे एक पीस. जोड आला की तिथून पाणी." मी म्हटलं, ओल्या नाळेला प्लास्टिक गुंडाळून तिच्यावरच थर चढवला तर साचाच लागणार नाही. ते म्हणाले, "मॅट शेवटची उरलीय. ती वाया गेली तर आणायची कुठून?" आणि हात धुवायला उठले. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. आजवर मला कुणी 'हो कर' असं क्वचितच म्हटलंय. मी बहुतेक कामं 'नाही म्हटलं नव्हतं' एवढ्यावर केलीत आणि त्याबद्दल मला कुणाची माफी मागायची नाही.

दाजी कामावर गेल्यावर मी मॅट काढली. पटांगणात ऊन चांगलं चढलं होतं. काकीने होडीतलं पाणी उपसलं, गोणपाटं काढली. अक्का मशीन बंद करून आली, अंगावर धाग्यांचे तुकडे तसेच. तिघींनी नाळेला प्लास्टिक ताणून गुंडाळलं, सुरकुती राहू दिली नाही. अक्का त्यात पटाईत. मी वाटीत रेझिन घेतलं, जांभळं औषध घालून ढवळलं आणि पांढऱ्याच्या बाटलीपाशी थांबले. वाटीतून धूर निघालेला मी एकदा पाहिला होता. शेवटची मॅट, औषध जास्त पडलं तर सगळं गेलं. म्हणून मी पांढरं औषध नेहमीपेक्षाही कमी घातलं. भीतीनेच घातलं. उजवी पाख लावली.

वास पसरला तसे सेक्रेटरी आले. "ओ वहिनी, हा काय कारखाना आहे काय? लोकांना राहायचंय इथे. बंद करा." माझा ब्रश चालूच. काकी होडीला टेकून विळीवर मासे कापत बसली होती, मुद्दामच तिथे. म्हणाली, "तुका वास येता? माशांचो आसतलो." "काकी, मी कमिटीतर्फे सांगतोय." "सांग मां. मी खंय कान बंद केलंय?" ते माझ्याकडे वळले, "ए पोरी, ठेव ते खाली." मी मान वर केली नाही. म्हटलं, "खाली ठेवलं की ब्रश दगड होतो, काका. तुम्ही देणार नवीन?" मग अक्का बोलली. माझी अक्का, जिने सासूपुढे कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. अगदी हळू म्हणाली, "भाऊ, तुमच्या घरचे चार ब्लाऊज माझ्याकडे कापून पडलेत. भाऊबीजेला पाहिजेत म्हणाल्या होत्या. आम्ही हे बंद करतो, मी तेही बंद करते." सेक्रेटरींनी नाकाला रुमाल लावला. मग म्हणाले, "दारं-खिडक्या लावून घ्या म्हणावं सगळ्यांना," आणि गेले.

दुपार कलली तरी पाख चिकटच. बोट लावलं की बोटाचा ठसा. औषध कमी पडलं होतं. मी होडीभोवती फेऱ्या मारत होते, पदराने वारा घालत होते, जसं काही वाऱ्याने ते ऐकणार होतं. आणि तेव्हा फाटकातून आबा आत आले. निरोपात म्हटल्यापेक्षा आधीच निघाले होते. खांद्यावर घोंगडी, हातात माझ्यासाठी आणलेली रिकामी पिशवी. त्यांनी मला ओळखायला वेळ घेतला. माझ्या केसांवर प्लास्टिक बांधलेलं, हात कोपरापर्यंत चिकट.

"कामून गं, येवढ्या उन्हात काय करायलीस?"

"होडीचं नाक करायलेय, आबा."

त्यांनी होडी बघितली. आयुष्यात पहिल्यांदाच बघत असावेत. मग म्हणाले, "बरं. आवर आता. सामान भर, उद्याच्या गाडीनं निघायचंय."

मला वाटलं होतं, ही वेळ आली की मी रडेन. मी म्हटलं, "हे सुकल्याशिवाय मी हलणार न्हाई."

"कवा सुकतंय?"

"म्हाईत न्हाई. पण सुकू द्या."

आबांनी चाळीकडे बघितलं, दारात उभ्या आत्याबाईंकडे बघितलं, मग एका टायरवर घोंगडी ठेवली आणि तिच्यावर बसले. आत्याबाई घरात गेल्या. मला वाटलं रागाने गेल्या. त्या चहा घेऊन आल्या, आबांना दिला आणि मला म्हणाल्या, "ऊन मागच्या बाजूला सरकलंय. होडी फिरवता येत नसंल तर आरसा धर." आणि कपाटाच्या दाराचा आरसा त्यांनी स्वतः, बिजागरीसकट, काढून आणला. दाजी घरी आले तेव्हा हे दृश्य होतं: काकी आणि आत्याबाई आरसा धरून उभ्या, ऊन होडीच्या नाकावर, आणि आबा टायरवर बसून चहा पितायत. दाजींनी काही न विचारता पाखेवर नख मारलं. "ब्रशचे वळ राहिलेत," म्हणाले. मग आणखी एकदा नख मारलं. "पण धरलंय." आबांनी उठून बोटाच्या पेरांनी ठोकून बघितलं, घागर घेताना ठोकतात तसं. "लई टणक झालंय की," म्हणाले. आणि गाडीचं काही बोलले नाहीत. डावी पाख दुसऱ्या दिवशी झाली. या वेळी वाटी दाजींनी धरली, औषध मीच घातलं, आणि आबा आरसा धरून उभे होते. उरलेल्या रंगातून काकीने नाव पुन्हा काढून घेतलं.

होडी टेम्पोवरून मिठागराच्या बांधावर नेली तेव्हा आबा बरोबर आले. माझी पिशवी भरून त्यांनी हातात घेतली होती. होडी पाण्यात बघू आणि तसंच स्टेशनला जाऊ, असं ठरलेलं. मी ठरवलं नव्हतं. काकीने नाळेवर नारळ फोडला. आमचं घर बुद्धाचं, आम्ही बाजूला हात जोडून उभे राहिलो. भरतीचं पाणी चढत आलं आणि होडी टायरवरून आपोआप उचलली गेली. काकी वल्हं घेऊन बसली आणि मला म्हणाली, "चल गो. तुझा टोपरा, तूच बघ गळता काय ता." मला पोहता येत नाही. अजून येत नाही. मी चढले. होडी डुलली तेव्हा मी आतल्या आत ओरडले, पण बांधावर ऐकू जाईल असं नाही. पुढे सरकून नाळेच्या आत, दोन पाखी जिथे एकमेकींवर चढतात तिथे हात घातला. काकीने वल्हं मारलं, पाणी नाकावर आपटलं. मी हात तिथेच ठेवला, पुन्हा पुन्हा आपटू दिलं. मग बाहेर काढून बघितला. कोरडा. मी उभी राहू शकले नाही, बसल्या बसल्याच तो तळवा बांधाच्या दिशेने वर धरला. बांधावर आबांचं पांढरं पागोटं दिसत होतं. ते काही हलले नाहीत.

काकी लांबवर फिरवून आणत होती. तिला परतायची घाई नव्हती, आणि तिला घाई करायला सांगण्याचा मला काही हक्क नव्हता. आम्ही परत बांधाला लागलो तेव्हा तिथे अक्का एकटीच बसली होती. तिच्या शेजारी माझी पिशवी.

"आबा?"

"गेले. गाडीची वेळ झाली."

मी चिखलातून वर आले. पिशवीचे बंद तसेच बांधलेले होते.

"काय म्हणाले?"

अक्काने पिशवी उचलून माझ्या हातात दिली. "म्हणाले, स्थळाला काय सांगायचं ते मी सांगतो. तिला म्हणावं, घाई न्हाई. अजून सुकू दे."